जन्मसालांचं कपाट

चेहरा पाहून माणसाचं जन्मसाल सांगणारा आणि जन्मसालावरून त्याच्या फुप्फुसाची काळजी करणारा माणूस सगळ्या नागपुरात एकच असावा, आणि मी त्याचा भाडेकरू होतो. गोळीबार चौकाच्या मागे, जिथे त्या काळी दिवसभर हातमागांची खटखट ऐकू येत असे, तिथे त्यांचं घर होतं. पुढच्या दोन खोल्या आमच्या, मागच्या तीन त्यांच्या. मी खोल्या बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझी नोकरी विचारली नाही, जात विचारली नाही, पगार विचारला नाही. "साल?" एवढंच म्हणाले. कोणतं साल, असं मी विचारल्यावर म्हणाले, "तुमचं." मी सांगितलं. मग आईचं सांगितलं, वडिलांचं सांगितलं, वडील कशाने गेले तेही सांगितलं. ते बराच वेळ माझ्या छातीकडे पाहत राहिले. "तुमच्या सालाचा ड्रॉवर दाबून भरला आहे," ते शेवटी म्हणाले. "पण खोल्या हवेशीर आहेत. राहा."

ते सरकारी क्षयरोग दवाखान्यात कारकून होते. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड होई. त्यावर नाव, पत्ता, वय, थुंकीचा निकाल, छातीचा फोटो, औषध आणि घरात आणखी कोणाला हा रोग आहे, हे सगळं लिहिलेलं असे. रुग्ण ज्या वर्षी आला त्या वर्षाच्या गठ्ठ्यात त्याचं कार्ड बांधायचं, अशी सरकारी पद्धत होती. आमच्या घरमालकांनी ती कधीच मोडीत काढली होती. त्यांनी एका सुताराकडून उंच सागवानी कपाट करून घेतलं होतं, एका सालाला एक ड्रॉवर. रुग्ण आज येवो की दहा वर्षांनी, त्याचं कार्ड त्याच्या जन्मसालाच्या ड्रॉवरमध्ये जाई. वरिष्ठांना हवा असलेला महिन्याचा तक्ता ते एका सकाळी करून टाकत. उरलेला महिना कपाटाचा.

अडचण अशी होती की बहुतेकांना आपलं जन्मसाल माहीत नसे. "लिवा तीस-चाळीस," असं कोणी म्हटलं की घरमालकांचा चेहरा कोणी अपमान केल्यासारखा होई. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली त्यांनी स्वतः केलेली एक यादी होती आणि तिच्या आधाराने ते माणसाची उलटतपासणी घेत. म्हाताऱ्यांसाठी मानमोडी, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आलेली इन्फ्लुएंझाची साथ. "मानमोडीच्या साली चालत होता, का कडेवर होता?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मधल्या वयाच्यांसाठी दुसऱ्या लढाईतलं कंट्रोलचं धान्य. त्याहून लहानांसाठी दीक्षा, म्हणजे छप्पन सालची नागपुरातली धम्मदीक्षा. एकदा मी समोर बसलो असताना इंदोरा वस्तीतली एक बाई आली होती. तिला विचारलं, "दीक्षेच्या वेळी तू काय नेसली होती वं?" ती म्हणाली, "पांढरं लुगडं." "लुगडं का फ्रॉक?" बाईने विचार केला. "लुगडंच. पण मायचं होतं. खोचून दिलं होतं, तरी पायात येत होतं." "मंग बारा-तेरा वर्षांची असशीन," असं म्हणून त्यांनी साल लिहिलं आणि समाधानाने पेनाला टोपण लावलं. बाहेर रांग दारापर्यंत गेली होती.

दवाखाना सुटल्यावरही हा प्रकार थांबत नसे. मोहल्ल्यातली माणसं त्यांच्या तोंडी नावाने नसतच. कोपऱ्यावरचा चहावाला "एकतीस", शेजारचा विणकर "बावीस", आमची भांडी घासणारी बाई "दीक्षेच्या आधीची". लग्नाच्या पंगतीत ते माझ्या शेजारी बसले की वाढप्यांकडे लक्ष नसे. समोरच्या ओळीत कोण खोकतं आणि ते कोणत्या सालचं असावं, याचा त्यांचा हिशेब चाललेला असे. खिडक्यांचा कायदा तर आमच्या भाडेचिठ्ठीतच होता. कोणतीही खिडकी कोणत्याही ऋतूत बंद करायची नाही. डिसेंबरात एकवेळ ठीक. मे महिन्यात, जेव्हा सगळं नागपूर दारं लावून वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत असे, तेव्हा आमच्या घरातून लू वाहत असे. माझ्या पत्नीने एकदा दुपारी खिडकी लावली. पाच मिनिटांत दारावर टकटक झाली. "काहून लावली वहिनी?" ते म्हणाले. "माझा बाप असाच बंद खोलीत मागाच्या खड्ड्यात बसून विणत होता. सूत कोरडं पडू नये म्हणून खिडकी नव्हती. तो खोकत खोकत गेला." आम्ही पुन्हा कधी खिडकी लावली नाही.

या माणसाने माझी एक बातमी फाडली होती, ती हकीगत इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मी तेव्हा एका वर्तमानपत्रात बातमीदार होतो. दवाखान्याचा वार्षिक तक्ता मला मिळाला. विशी-पंचविशीतले रुग्ण पूर्वीपेक्षा कमी दिसत होते, म्हणून मी "तरुणांमधला क्षय ओसरला" असा मथळा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालक आमच्या ओट्यावर आले. हातात त्या बातमीचे दोन तुकडे होते. "तुम्ही आडवं वाचलं," ते म्हणाले. मग त्यांनी खडूने फरशीवर चौकट आखली. उभ्या बाजूला वयं, आडव्या बाजूला वर्षं. "एकाच वयाची ओळ तुम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचली. त्यात दर वेळी माणसं वेगळी. आता तिरपं वाचा. हे तेव्हा विशीचे होते. दहा वर्षांनी तिशीचे, इथं. आणखी दहा वर्षांनी चाळिशीचे, इथं. माणसं तीच. रोग त्यांच्यासोबत चालून राहिला. तरुणपणी छातीत शिरलेला जंतू गप्प बसते, माणूस थकला की उठते. तुम्ही वय धरलं आणि माणूस सोडला." मी विचारलं, मग रोग कमी होतोय की नाही? ते उठले, गुडघे झटकले. "कमी होऊन नाही राहिला, पेपरवाले. म्हातारा होऊन राहिला. आणि म्हातारा दिवसभर घरी असते. घरी आणखी कोण असते? नातवंडं." ती फरशीवरची चौकट पत्नीने दोन दिवस पुसली नाही. मी ती बातमी नंतर दुरुस्त केली. संपादकांना तिरपा मथळा कळला नाही, त्यामुळे ती आतल्या पानावर गेली.

त्या दिवाळीत त्यांना नात झाली. सून उमरेडच्या विणकर घरातली, मुलगा गिरणीत. बाळ घरी आलं त्या दिवशी घरमालकांनी दवाखान्यातल्या कपाटाच्या शेवटी सुताराकडून एक नवा ड्रॉवर जोडून घेतला आणि त्यावर त्या वर्षाची चिठ्ठी डकवली. हे मला त्यांनीच अभिमानाने सांगितलं. "हा रिकामा ठेवायचा आहे," ते म्हणाले. पहिले सहा महिने ते नातीला खांद्यावर घेऊन ओट्यावर फेऱ्या मारत. मग एके दिवशी फेऱ्या बंद झाल्या. कंबर धरली आहे, असं त्यांनी घरात सांगितलं. खाट बाहेर ओट्यावर आली, त्यांचं ताट-वाटी वेगळं झालं, आणि बाळ रांगत दाराशी आलं की ते उठून रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहू लागले. सुनेने याचा जो अर्थ लावला तो कोणीही लावला असता. नळावर ती माझ्या पत्नीला म्हणाली, "वहिनी, पोरगा असता तर असे दूर पळाले असते काय बाबा?" घरमालक चार हातांवर बसून पेपर वाचत होते. त्यांना ऐकू गेलं. त्यांनी पान उलटलं.

मला मात्र भिंतीतून खोकला ऐकू येत होता. सकाळी, मी दाढी करत असताना. आधी एखादा, मग ओळीने. आमच्या दोन घरांमधल्या दारावर त्यांनीच दवाखान्यातलं एक पत्रक चिकटवलं होतं: तीन आठवडे खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. मी ते रोज वाचत होतो आणि दिवस मोजत होतो. एका सकाळी मी ओट्यावर त्यांच्या खाटेशेजारी जाऊन बसलो.

"आज बाविसावा दिवस," मी म्हणालो.

"तेवीस," ते म्हणाले. "तुम्ही रविवारी सावनेरले गेले होते."

मग जात का नाही, असं विचारल्यावर त्यांनी खिशातून एक कार्ड काढलं. दवाखान्याचं कोरं कार्ड त्यांनी स्वतःच्या नावाने भरलेलं होतं. नाव, पत्ता, लक्षणं, घरातली माणसं, सगळं त्यांच्या सुवाच्य अक्षरात. एकच रकाना रिकामा होता. जन्मसाल.

तेव्हा मला कळलं ते असं. आई लहानपणीच गेली, आत्याने सांभाळलं आणि दहाव्या वर्षी शाळेत घातलं. एवढा घोडा पहिलीत कसा बसवायचा, म्हणून मास्तरांनी वय सहा लिहिलं. तारीख एक जुलै. तेच साल, एकोणीसशे अठरा, पुढे सर्व्हिसबुकात गेलं. त्या सालाप्रमाणे त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. खऱ्या सालाप्रमाणे ती दोन वर्षांपूर्वीच व्हायला हवी होती. कार्डावर खरं साल लिहिलं की चौकशी आणि पेन्शनचा घोळ. एवढंच असतं तर ते घाबरले नसते. त्या महिन्यात दवाखान्यात नवे अधिकारी आले होते. कपाट मोडून कार्डं सरकारी पद्धतीने बांधायची आणि जुनी रद्दीत द्यायची, असा त्यांचा विचार होता. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: या लोकांची सालं अंदाजाची आहेत, त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा? आता ज्याने कपाट लावलं त्याचंच साल खोटं निघणार होतं. आणि तो घरी बसला की कपाटासाठी भांडणारं कोणी उरत नव्हतं.

"सर्व्हिसबुकातलं लिहा," मी म्हणालो. मी बातमीदार असूनही म्हणालो.

"त्या बाईले मी लुगडं का फ्रॉक विचारलं," ते म्हणाले, "आणि स्वतःले अठरा लिहू?"

"मग खासगी डॉक्टरकडे जा. तिथे कार्ड नाही."

"औषध भेटन. पण चौदाच्या ड्रॉवरमध्ये एक माणूस कमी होईन. पुढं कोणी मोजलं तर म्हणन, चौदाचे लोक सुटले." त्यांनी कार्ड खिशात ठेवलं. "आणखी दोन दिवस द्या मले. मी तिच्याजवळ जात नाही." मला तेव्हा त्यांचा राग आला होता, हे नमूद करायला हवं. पत्रक त्यांनीच चिकटवलेलं होतं.

त्यांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी बाळ खोकलं. अंगात ताप होता. लहान बाळाचा खोकला फार बारीक असतो. आमच्या खोलीत तो पोचायला नको होता, पण त्या घरात सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. मी बाहेर आलो तेव्हा घरमालक उंबऱ्यापासून दोन हात दूर उभे होते आणि आत वाकून विचारत होते, "दूध पिऊन राहिली का वं?"

"तुमाले काय करायचं आहे, बाबा," आतून सून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी टोपी घातली, खिसा चाचपला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचं ऑफिस दुपारचं आहे ना? चला."

दवाखान्यात ते कर्मचाऱ्यांच्या दारातून न जाता रांगेत उभे राहिले. थुंकी दिली. तासाभराने सूक्ष्मदर्शकावरचा माणूस बाहेर आला आणि त्याने चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. ती वाचायला त्यांना चष्मा लागला नाही. टेबलापाशी त्यांच्या हाताखालची कारकून बाई बसली होती, त्यांनीच शिकवलेली. तिने भरलेलं कार्ड पाहिलं, रिकामा रकाना पाहिला आणि म्हणाली, "सर, तुमचं साल तर सर्व्हिसबुकात—"

"मले विचार," ते म्हणाले. "शिकवलं तसं विचार."

बाईने मान खाली घातली. "मानमोडीच्या साली चालत होता," ती हळू म्हणाली, "का कडेवर होता?"

"चालत होतो. मायच्या तिरडीमागं. बापानं हात धरला होता."

बाईने यादी पाहिली, बोटांवर मोजलं, एकोणीसशे चौदा लिहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की नवे अधिकारी आमच्या मागे दारात उभे आहेत. त्यांनी पुढे येऊन कार्ड घेतलं, पूर्ण वाचलं. "हे साल तुमच्या सर्व्हिसबुकात नाही," ते म्हणाले.

"नाही, साहेब."

"याचा अर्थ कळतो ना तुम्हाला?"

"कळते. पण घरी सात महिन्यांची नात आहे. तिले ताप आहे. आधी घरच्यांले बोलावू द्या, मंग अर्थाचं पाहू." अधिकाऱ्यांनी कार्ड त्यांच्या हातात परत दिलं. घरमालकांनी ते स्वतः नेऊन चौदाच्या ड्रॉवरमध्ये लावलं.

सुनेला आणायला मी गेलो. ती बाळाला घेऊन आली तेव्हा सासरे कारकुनाच्या खुर्चीवर नव्हते, रुग्णांच्या बाकावर होते, तोंडाला रुमाल लावून. ती दारातच थांबली. तिने खाटेचा, ताटाचा, रस्त्यापलीकडे उभं राहण्याचा अर्थ त्या एका क्षणात पुन्हा लावला असावा. "आधी सांगायचं होतं ना, बाबा," ती म्हणाली. ते रुमालाआडून म्हणाले, "सांगितलं असतं तर तू दया केली असती. रागच बरा. रागात माणूस पोरीले दूर ठेवते." बाळाची तपासणी झाली. ताप सर्दीचा निघाला, छाती साफ होती. तरी खबरदारीच्या गोळ्या, चुरून, मधातून, कित्येक महिने द्याव्या लागल्या. सून त्या घड्याळ लावून देई आणि प्रत्येक वेळी ओट्याकडे बघून सांगे, "दिली, बाबा."

पुढचं कोरडं आहे. चौकशी झाली, निवृत्ती मागच्या तारखेने लागली, निरोपसमारंभ झाला नाही, पेन्शन फार उशिरा सुरू झालं. इंजेक्शनं घ्यायला ते रोज जात आणि परत येताना कपाट जागेवर आहे ना, ते पाहून येत. ते जागेवर होतं. ते मोडण्याचा आदेश निघालाच नाही, आणि का निघाला नाही हे अधिकाऱ्यांनी कोणाला सांगितलं नाही. मी एकदा कामासाठी त्यांच्या खोलीत गेलो होतो. ते वयांचा आणि वर्षांचा तक्ता समोर घेऊन मान तिरपी करून बसले होते. मला पाहून त्यांनी मान सरळ केली.

थुंकी साफ आल्यानंतरही घरमालकांनी आणखी तीन महिने वाट पाहिली. दवाखान्याचा नियम त्यांना सैल वाटत होता. मग एका सकाळी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ते आत गेले आणि नातीला उचललं. ती तोवर चालायला लागली होती. तिच्या दृष्टीने हा ओट्यावरचा परका म्हातारा होता. तिने असा टाहो फोडला की शेजारच्या घरातले माग थांबले. सून धावत आली. घरमालक नातीला तशीच उंच धरून उभे होते आणि डोळे मिटून ऐकत होते. "राहू दे वं," ते म्हणाले. "फुप्फुस चांगलं आहे."

आम्ही काही वर्षांनी ते घर सोडलं. एकोणीसशे ऐंशीनंतर कधीतरी ते गेले. झोपेत, हृदय थांबून. आपल्या कार्डावर निकालाच्या रकान्यात "बरा" लिहिलेलं त्यांनी पाहिलं होतं, आणि मृत्यूचं कारण वेगळं निघालं म्हणून त्यांना नक्कीच समाधान वाटलं असतं. त्यानंतर एकदा बातमीच्या निमित्ताने मी त्या दवाखान्यात गेलो. कपाट आता मागच्या बोळात होतं, पण कार्डं अजून त्यातच जात होती. कारकून बाईने पद्धत सोडली नव्हती. चौदाचा ड्रॉवर गच्च होता आणि त्याच्या मुठीवर धूळ होती. त्या सालचं आता कोणी येत नव्हतं. मी शेवटचा, नातीच्या सालाचा ड्रॉवर ओढला. तो रिकामा नव्हता. सहा कार्डं होती. मी सगळी वाचली. "घरातला आधीचा रुग्ण" या रकान्यात चार कार्डांवर "आजोबा" लिहिलं होतं. तिचं कार्ड त्यात नव्हतं. मी पुन्हा एकदा पाहिलं, मग ड्रॉवर लावला. बोळातली खिडकी कोणीतरी बंद करून ठेवली होती. ती उघडली आणि निघालो.